तीन मुलांनी मागितलेले वर

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध 9, अध्याय 15 आणि 16



नवव्या स्कंधात सूर्यवंश संपवून आपण चंद्रवंशात आलो आणि आजच्या वाचनात परशुराम आले. आपल्या लोट्याच्या माणसाला हे दोन अध्याय परके वाटायचं कारणच नाही. एमआयडीसीच्या पाटीवरसुद्धा आपलं नाव ‘लोटे-परशुराम’ असं जोडूनच लिहिलेलं असतं. हायवेने चिपळूणकडे निघालं की परशुराम घाट, तिथेच देवाचं ठिकाण, आणि खाली वाशिष्ठी. समुद्र मागे सारून ही आपली भूमी त्यांनी निर्माण केली असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. देवळात जाणाऱ्यांना हेही माहीत असेल की तिथेच मागे रेणुकामातेचं देऊळ आहे. मुलाच्या पाठीशी आई. आजचं चिंतन वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

मागच्या आठवड्यात एका वाचक ताईंनी एक प्रश्न पाठवला होता. त्या लिहितात, “माझा मुलगा आठवीत आहे. बाबांची गाडी दारात वाजली की तो मोबाईल ठेवून पुस्तक उघडतो. ते म्हणतील ते ऐकतो, उलट उत्तर नाही. सगळे म्हणतात, पोरगा बापाच्या धाकात आहे, काळजी नाही. पण बाबा घरात असले की तो एक शब्द बोलत नाही. आणि परवा धाकट्या बहिणीवर तो ओरडला, तो आवाज हुबेहूब ह्यांचा होता. मला भीती वाटली. आज्ञाधारक मुलगा असावा असंच शास्त्र सांगतं ना? मग मला हे का खुपतंय?”

ताई, तुमच्या प्रश्नाला आजच्या वाचनापेक्षा जवळचं वाचन मिळायचं नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

परशुराम म्हटलं की पितृआज्ञा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. वडिलांनी सांगितलं आणि मुलाने आईचं मस्तक उडवलं. कीर्तनात ऐकतानाही इथे अंगावर काटा येतो आणि बुवा पटकन पुढे सरकतात. पण भागवतकारांनी ही गोष्ट कुठे ठेवली आहे ते बघा. आधी 15 वा अध्याय. सहस्रार्जुनाने, म्हणजे कार्तवीर्याने, आश्रमातली कामधेनू बळजबरीने नेली. परशुराम गेले, राजाला मारलं, गाय परत आणली आणि मोठ्या उमेदीने वडिलांना सगळं सांगितलं. जमदग्नींनी काय केलं? पाठ थोपटली नाही. ते म्हणाले, तू पाप केलंस. आपली थोरवी क्षमेत आहे. क्षमेमुळेच आपल्याला लोक मान देतात. जा, तीर्थयात्रा कर आणि हे पाप धुऊन ये. मुलगा निमूटपणे गेला आणि वर्षभर तीर्थं हिंडून परत आला.

किती थोर बाप! आपण 15 वा अध्याय मिटतो तेव्हा जमदग्नींना हात जोडलेले असतात.

लगेच 16 वा अध्याय. रेणुकामाता पाणी आणायला नदीवर गेली. तिथे गंधर्वराज चित्ररथ अप्सरांबरोबर जलक्रीडा करत होता. तिचं मन क्षणभर तिकडे गेलं आणि होमाची वेळ टळली. भानावर आल्यावर ती घाबरली. परत येऊन तिने कलश ठेवला आणि पतीसमोर हात जोडून उभी राहिली. हे चित्र भागवतात स्पष्ट आहे, ती हात जोडून उभी आहे. आणि कालपर्यंत क्षमेचा पाठ देणारे ऋषी मुलांना म्हणतात, हिला मारा.

क्षमा शिकवणारा हाच बाप. राजाने गाय पळवली तेव्हा मुलाला सांगितलं, सोडून द्यायला हवं होतंस. स्वतःच्या घरात होमाला उशीर झाला तेव्हा मात्र सोडता आलं नाही.

मुलगा काय शिकला? सांगितलेलं शिकला की पाहिलेलं? याचं उत्तर त्याच अध्यायात पुढे आहे. कार्तवीर्याच्या मुलांनी सूड म्हणून, आश्रमात ध्यानस्थ बसलेल्या जमदग्नींना मारलं. तेव्हा परशुरामांनी परशू उचलला आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. एका गुन्ह्याला एकवीस वेळा शिक्षा. वडिलांचं प्रवचन त्यांनी वर्षभर पायी हिंडून पाठ केलं होतं. पण अंगात उतरलं ते अंगणात घडलेलं.

ताई, तुमच्या मुलाच्या तोंडून वडिलांचा आवाज निघाला, तो असाच निघाला. त्याला तो कुणी शिकवला नाही. “बहिणीशी नीट बोल” हे मात्र घरात शंभर वेळा सांगून झालं असेल.

आता कुणी म्हणेल, थांबा, परशुरामांचा उग्रपणा वडिलांमुळे नव्हता, तो आधीच ठरलेला होता. आणि हा आक्षेप खरा आहे, त्याच 15 व्या अध्यायात त्याला आधार आहे. जमदग्नींचे वडील ऋचीक. त्यांनी पत्नी सत्यवतीसाठी आणि सासूसाठी वेगवेगळे चरू सिद्ध केले होते. मायलेकींनी ते अदलाबदल करून खाल्ले. ऋचीक म्हणाले, आता तुला उग्र, दंडधारी मुलगा होईल. सत्यवतीने विनवणी केली, असं नको. तेव्हा ते म्हणाले, बरं, मुलगा नाही, नातू तसा होईल. तो नातू म्हणजे परशुराम.

म्हणजे स्वभावाचा काही भाग रक्तातून येतो हे आपल्या ग्रंथांना मान्यच आहे. आपल्याकडे म्हणतातही, आजावर गेलाय. पण उग्र स्वभाव मिळाला म्हणून पुढचं सगळं ठरून गेलं असं होत नाही. पाण्याला उतार निसर्गाने दिला तरी पाट कुठून काढायचा ते शेतकरी ठरवतो. कामधेनूच्या वेळी परशुरामांचा क्रोध बाहेर पडला, तेव्हा वडिलांनी त्याला बांध घातला होता. रेणुकेच्या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने तो फोडला. म्हणून ‘स्वभावच तसा आहे पोराचा’ असं म्हणून कुठल्याही बापाला मोकळं होता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या बाकीच्या भावांची. भागवतात म्हटलंय की त्यांनी आज्ञा पाळली नाही, म्हणून आईबरोबर तेही मारले गेले. महाभारतात, वनपर्वात, ही कथा थोडी वेगळी येते. तिथे वडील एकेका मुलाला आज्ञा करतात, रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु. चौघेही ऐकत नाहीत. बाप शाप देतो आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड, मूढ होऊन जातात.

हा शाप म्हणून वाचला तर चमत्कार वाटतो. आजूबाजूला बघितलं तर रोजचं दृश्य आहे. बापाच्या रागापुढे मूल एक तर त्याच्यासारखं होतं, नाही तर मुकं होतं. त्याची बुद्धी जाते असं नाही, पण ती वापरायची हिंमत जाते. वर्गात उत्तर येत असतं, हात वर होत नाही. काही हवं असेल तर आईमार्फत निरोप. “आईला सांग, बाबांना विचारायला.” अशी मुलं आपण शहाणी म्हणतो, कारण त्रास देत नाहीत. त्या चार भावांनी खरं तर धर्माचीच बाजू घेतली होती, आईवर हात उचलणार नाही म्हणाले. पण त्या घरात धर्माची बाजू घेणाऱ्याची वाचा गेली. ताई, तुमचा मुलगा बाबांसमोर बोलत नाही हे तुम्हाला खुपतंय, ते योग्यच खुपतंय. गप्प बसणं आणि आज्ञाधारक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आजच्या चिंतनाचा गाभा. आपल्या ग्रंथांत रागीट बापाच्या पोटी आलेली तीन मुलं मला ठळक दिसतात, आणि तिघांनाही वर मागायची संधी मिळाली.

पहिले परशुराम. वडील प्रसन्न झाले, माग म्हणाले. त्यांनी राज्य मागितलं नाही. भागवतात ते मागतात, आई आणि भाऊ जिवंत होऊ देत, आणि मारलं गेल्याची आठवण त्यांना राहू नये. झोपेतून उठावं तसे सगळे उठले.

दुसरा नचिकेता, कठोपनिषदातला. वडील यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देत होते. मुलाला ते बघवेना. त्याने विचारलं, मला कुणाला देणार? दोनदा, तीनदा विचारलं. बापाचा तोल गेला आणि तो म्हणाला, तुला मृत्यूला देतो. मुलगा यमाच्या दारी गेला आणि तीन रात्री उपाशी बसला. यमाने तीन वर दिले. ब्रह्मविद्या त्याने तिसऱ्या वरात मागितली. पहिला वर काय? वडिलांचा राग शांत होवो, त्यांचं मन निवांत होवो आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून प्रेमाने जवळ घ्यावं.

तिसरा प्रह्लाद, याच भागवताच्या सातव्या स्कंधातला. याने तर बापाची आज्ञा उघड मोडली. बापाने त्याला मारायचे सगळे उपाय केले. शेवटी नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारल्यावर देव म्हणाले, वर माग. स्वतःसाठी प्रह्लादाने एवढंच मागितलं की मनात कसली वासनाच उगवू नये. आणि मग वडिलांसाठी मागितलं, त्यांनी तुझी निंदा केली, मला छळलं, त्या पापातून ते शुद्ध होवोत.

एकाने आज्ञा पाळली, एकाने प्रश्न विचारला, एकाने आज्ञा मोडली. तिन्ही वाटा वेगळ्या, पण तिघांच्या वरात बाप आहे. बापाच्या रागाने जे मोडलं ते दुरुस्त कर, हीच तिघांची मागणी. ब्रह्मज्ञान मिळवायला निघालेल्या नचिकेत्यालासुद्धा आधी बाबांचा चेहरा शांत झालेला बघायचा होता.

मुलं असंच करतात. बापाचं अर्धं राहिलेलं काम ती उचलतात आणि जन्मभर वाहतात. कुणी चाळिशीत बापासारखाच ओरडतो आणि रात्री झोप लागत नाही. कुणी बापासारखं व्हायचंच नाही म्हणून इतका मऊ होतो की स्वतःचं म्हणणं कुठेच मांडता येत नाही. पुराणातल्या मुलांना वर देणारा कुणी भेटला, आपल्या मुलांना कुठला यम भेटणार? म्हणून तो वर बापानेच द्यायचा असतो, तोही जिवंतपणी.

मग धाक नकोच का? हा प्रश्न लोट्याच्या नाक्यावर चहा पिताना कुणीही विचारील. आमच्या बापाने मारलं म्हणून आम्ही शिकलो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. याला उत्तर म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका बापाची आठवण करू.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सुभेदार रामजी सकपाळ यांचं मूळ गाव. लष्करी शाळेत शिकवलेला हा माणूस, कबीरपंथी, शिस्तीचा कडक. निवृत्तीनंतर काही काळ कुटुंब दापोलीला होतं, मग सातारा, मग मुंबईत परळची चाळ. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे आपले बाबासाहेब. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वडिलांविषयी मोकळेपणाने लिहिलंय. घरात त्यांची सत्ता जुन्या रोमन कुटुंबप्रमुखासारखी चाले. मुलांना रोज रामायण-महाभारत वाचायला लावत. केळुसकर गुरुजींनी भेट दिलेलं बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना हीन दाखवलंय ते का वाचायचे? वडील आधी म्हणाले, वेडगळ प्रश्न विचारू नको, सांगितलं तेवढं कर.

इथपर्यंत ते जमदग्नीच वाटतात. पण मुलाने प्रश्न सोडला नाही, आणि काही दिवसांनी वडिलांनी उत्तर दिलं. आपण अस्पृश्य मानले गेलेले लोक, तुमच्या मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे. द्रोण बघा, कर्ण बघा, वाल्मीकी बघा, कुठून कुठे गेले. तो गंड जावा म्हणून वाचायला सांगतो. मुलाचं या उत्तराने समाधान झालं नाही, आणि त्याने तसं लिहूनही ठेवलंय. पुढे तो वेगळ्या वाटेने गेला. पण बापाने एका शाळकरी पोराला आपल्या आज्ञेचं कारण सांगितलं, ही लहान गोष्ट नाही.

आणि दुसरं. परळच्या चाळीत खोली एकच. तिथे अभ्यास कसा करायचा? चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की मुलाने लवकर झोपायचं, वडील जागे राहत, रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवत, तो कंदिलाच्या उजेडात अभ्यासाला बसला की मग स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने आणत, कधी दागिना मागून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. 1913 साली रामजी गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, 1923 साली, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

धाक इथेही होता. फरक काय? जमदग्नींच्या धाकाची किंमत रेणुकेने आणि मुलांनी मोजली. रामजींच्या शिस्तीची किंमत आधी रामजींनी स्वतःच्या झोपेने मोजली. बापाने मुलाला पहाटे उठवायला हरकत नाही, पण त्यासाठी बाप स्वतः जागा असला पाहिजे. या एका कसोटीवर घरातला धाक तपासून बघावा. मी मुलाकडून जे मागतोय त्यासाठी मी काय सोडलंय?

आता थोडं आपल्या कोकणाबद्दल बोलायला हवं. बापाचा प्रभाव असं म्हणताना आपल्याकडे एक अडचण आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचा बाप घरात नव्हताच. तो मुंबईला होता, गिरणीत. लालबाग-परळला गावच्या माणसांची एक खोली, तिथे पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर धाडायची. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. पोरं सांगायची, “बापूस आलाय,” आणि चार दिवस त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघायची. बुजलेलं पोर जवळ येईपर्यंत जायची वेळ व्हायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातले कितीतरी बाप रिकाम्या हाताने गावाला परतले. तेव्हा पहिल्यांदा काही मुलांना बारा महिने बाप दिसला, पण तो खचलेला बाप होता.

त्या बापांना दोष द्यायचा नाही. पोट भरायला गेले होते, आणि मनीऑर्डरीच्या फॉर्मवरच्या चार ओळींत जेवढं मावेल तेवढं बापपण त्यांनी पाठवलं. ती चार ओळींची चिठोरी आयांनी जपून ठेवली, मुलांना वाचून दाखवली. बाप दूर असूनही घरात असू शकतो तो असा.

आणि आता? लोट्यात कंपन्या आल्या, बाप गावात राहिला. हे देवाने दिलेलं केवढं मोठं देणं आहे! पण शिफ्टचं आयुष्य बघा. फर्स्टला असेल तर पोरं उठायच्या आधी गेलेला. सेकंडला असेल तर पोरं झोपल्यावर येणार. नाइट करून आला की दिवसा झोपणार आणि घरात एकच वाक्य, “आवाज करू नका, बाबा झोपलेत.” त्यात बिचाऱ्याची चूक काहीच नाही, झोप नको का त्याला? पण लहान पोराच्या मनात बाबा म्हणजे काय ते हळूहळू ठरत जातं. बाबा म्हणजे गप्प बसायची वेळ. हा ठसा पुसायचा तर जागेपणी त्याच बाबांचा आवाज मुलांना हसताना ऐकू यायला हवा.

अभ्यासकांनीही या गोष्टीकडे उशिराच पाहिलं. मुलाची वाढ म्हणजे आई, असंच बराच काळ धरलं जायचं. मायकेल लॅम्ब नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली एका लेखात बापाला बालविकासातला विसरलेला वाटेकरी म्हटलं, आणि 1976 साली बालविकासातल्या बापाच्या भूमिकेवर ग्रंथ संपादित केला. तेव्हापासून या विषयावर जगभर खूप काम झालं. त्याचं सार साधं आहे. तान्हं मूल पहिल्या वर्षातच आईसारखंच बापाशीही नातं बांधतं. बापाची माया, लक्ष देणं, खेळणं मुलाला उपयोगी पडतं, आणि त्याचा ‘पुरुषी रुबाब’ तितका उपयोगी पडत नाही. आणि आई-बापामधलं रोजचं भांडण मुलाला थेट पोचतं, त्याच्याशी कुणी वाईट वागलं नाही तरी.

शेवटचा मुद्दा परत वाचा. रेणुकेवरचा राग मुलांवरचा नव्हता, तरी पाचही मुलांचं आयुष्य त्याने बदललं. बापाने मुलासाठी करायची पहिली गोष्ट कुठली, तर मुलाच्या आईशी नीट बोलणं. ती मुलाला शिकवायची नसते, नुसती त्याच्यासमोर घडू द्यायची असते.

सरकारी कागदावरही ही समजूत दिसते. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने आईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला मिळतात 15 दिवस. खासगी कंपनीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदाच नाही. म्हणजे बाप नंतर कधीतरी सवडीने होता येतं, असंच आपण सगळ्यांनी धरलंय.

चांगला बाप ग्रंथांत नाहीच का, असं वाटेल. आहे की. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आहेत. त्यांचा श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुकुलात गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने घरी आला. बापाला पोराची घमेंड दिसली. तो ओरडला नाही, चारचौघांत पाणउतारा केला नाही. एक प्रश्न विचारला, जो पोराला आला नाही. मग शेजारी बसवून शिकवलं. वडाचं फळ आण, फोड, आत बघ, काय दिसतं? मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणाले, ते मीठ परत दे. मीठ विरघळून गेलं होतं. मग वरून चाखायला लावलं, मधून लावलं, तळातून लावलं. सगळीकडे खारटच.

उद्दालक आत्म्याविषयी सांगत होते, तो अर्थ मोठाच आहे. पण शिकवायची रीत बघा. रात्रभर वाट बघायला लावणारा, सकाळी स्वतः हजर असणारा, मुलाला स्वतःच्या जिभेने चाखू देणारा बाप. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणतो, अजून सांगा, आणि बाप दर वेळी म्हणतो, बरं बाळा. मुलाने परत विचारलं म्हणून नचिकेत्याच्या बापाचा तोल गेला. उद्दालकांना त्याच गोष्टीचा आनंद झाला.

एक गोष्ट राहिली. ज्या घरात बाप नाही तिथे काय? अशा घरातल्या आया हे वाचत असतील, त्यांनी मन लहान करू नये. ज्ञानदेवादी भावंडांचे आई-वडील प्रायश्चित्त म्हणून देहत्याग करून गेले तेव्हा मुलं लहान होती. गावाने टाकलेलं, डोक्यावर कुणी नाही. तिथे थोरले निवृत्तिनाथ उभे राहिले. 1273 चा त्यांचा जन्म, ज्ञानदेवांचा 1275 चा. दोन वर्षांनी मोठा भाऊ गुरू झाला, बाप झाला, आणि 1290 साली ज्ञानेश्वरी झाली तेव्हा तिचं श्रेय ज्ञानदेवांनी त्यांच्याच पायाशी ठेवलं. बापाची जागा मामा, आजोबा, शिक्षक, थोरला भाऊ भरून काढू शकतो. बाबासाहेबांना आई नव्हती, तर आत्या मीराबाईंनी वाढवलं. मुलाला एक भरवशाचं माणूस लागतं, जे रोज असतं आणि ज्याची भीती वाटत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. शास्त्र आज्ञाधारक मुलाचं कौतुक करतं, हे खरं. पण तेच शास्त्र प्रह्लादाला भक्तांचा मुकुटमणी करतं. म्हणजे आज्ञा पाळण्याचं पुण्य आज्ञेच्या योग्यतेवर अवलंबून आहे, आणि ती योग्यता सांभाळायची जबाबदारी बापाची आहे. मुलाला बदलायच्या आधी हा लेख ह्यांना वाचायला द्या. पण बोलणं लावून नको, जेवण झाल्यावर, शांतपणे. तेही कुणाचे तरी मुलगे आहेत. त्यांच्या लहानपणीही दारात कुठली तरी सायकल वाजत असेल आणि ते पुस्तक उघडत असतील.

आणि बाबा लोकहो, निराश व्हायचं कारण नाही. 16 व्या अध्यायाच्या शेवटाकडे परशुरामांविषयी काय लिहिलंय माहितीये? दंड खाली ठेवून, शांत बुद्धीने ते आजही महेंद्र पर्वतावर राहतात. वडिलांनी सांगितलेली क्षमा अखेर मुलापर्यंत पोचली. फार उशिरा पोचली, मधे केवढं रक्त सांडलं, पण पोचली. आपल्या घरात ती लवकर पोचावी, एवढंच आपल्या हातात आहे.

आजचा अभ्यास : आज घरी गेल्यावर मुलाला एक प्रश्न विचारा, अभ्यासाचा किंवा मार्कांचा सोडून कुठलाही. आणि उत्तर पुरतं ऐका. मधे बोलू नका. उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर रागावू नका, उद्या परत विचारा.

प्रार्थना : हे भार्गवरामा, आईला उठवण्यासाठी आणि घडलेलं विसरलं जावं म्हणून तू वर मागितलास. आमच्या मुलांना तसला वर मागायची वेळ येऊ देऊ नकोस. आमच्या तोंडी क्षमा आहेच, ती हातात आणि आवाजात येऊ दे.

उद्याचं वाचन : स्कंध 9, अध्याय 17.

रामकृष्ण हरी.